खानदेशातल्या स्टार्टअपवर पीएच.डी. : 384 प्रश्नावल्यांतून नेमकं काय कळतं?

(ऑनलाइन चर्चेचा धागा. प्रत्येक प्रतिसादाआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

मेहरूणकाठ

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या पीएच.डी. आराखड्यांत सध्या एक विषय सारखा येतो : ‘खानदेशातील स्टार्टअप : समस्या व संधी’. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे. उत्तरदाते 384. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच बिंदूंची श्रेणी. क्रोनबाख अल्फा, म्हणजे उत्तरांच्या सुसंगतीचं माप, 0.7 च्या वर गेला की प्रश्नावली पक्की. मग काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी, आणि शेवटच्या प्रकरणात भांडवल मिळत नाही, बाजारपेठ लांब आहे, शासनाने लक्ष घालावं. एवढं तर प्रश्नावली छापण्याआधीही ठाऊक असतं.

विषयाला माझा विरोध नाही. उलट या भागावर नीट काम व्हावं असं मनापासून वाटतं. केळी, कापूस, डाळ, मिरची, पाइप, चटई एवढं सगळं एका तापीच्या खोऱ्यात आहे. तिथे नवा धंदा उभा कसा राहतो, टिकतो कसा, बंद कसा पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. अडचण प्रश्नाची आहे. ‘तुम्हाला अडचणी आहेत का?’ याला कोणता धंदेवाला नाही म्हणेल? जे गृहीतक खोटं ठरूच शकत नाही, ते तपासायला तीन वर्षं कशाला घालवायची?

माझ्या आराखड्यासाठी जाणकारांना विचारायचंय : खानदेशात स्टार्टअप म्हणून कोणाला मोजायचं, यादी कुठून आणायची, आणि प्रश्नावली ठेवायची की मोजक्या उद्योगांचा खोलात अभ्यास करायचा?

संख्यापारखी

आधी 384 चं बघू. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या, नमुना किती घ्यायचा ते सांगणाऱ्या 1970 च्या तक्त्यातला. 95 टक्के विश्वास पातळी, 5 टक्के चूक आणि प्रमाण निम्मं धरलं की 1.96 चा वर्ग गुणिले 0.25 भागिले 0.0025, म्हणजे 384. समष्टी, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा ते सगळे मिळून, दहा लाखांची असली की तक्ता हेच सांगतो. समष्टी 120 ची असेल तर तोच तक्ता 92 सांगतो, 200 ची असेल तर 132.

खानदेशात व्याख्येत बसणारे उद्योग दोन-चारशेच निघाले तर 384 आणायचे कुठून? मग किराणा दुकान, मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, जे भेटेल ते भरलं जातं आणि ‘स्टार्टअप’ शब्दाचा अर्थच उरत नाही.

दुसरी चूक याहून मोठी. हे सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची समान संधी हवी, आणि त्यासाठी आधी पूर्ण यादी हवी. ओळखीतून, व्हॉट्सअ‍ॅप गटातून गोळा केलेल्या 384 अर्जांना ‘5 टक्के चूक’ लावता येत नाही. ते 384 असोत की 3,840, नमुन्याचा एकतर्फी कल तोच राहतो. समष्टी लहान असेल तर नमुना घेऊच नये, सगळेच मोजावेत.

कळण्याची_भाकरी

व्याख्येवर सगळं अडतं, म्हणून तिथून सुरुवात करा.

स्टार्टअप इंडिया मोहीम 16 जानेवारी 2016 ला सुरू झाली. उद्योग संवर्धन विभागाच्या 2019 च्या अधिसूचनेत स्टार्टअप म्हणजे स्थापनेपासून 10 वर्षांच्या आतली, कोणत्याही वर्षात उलाढाल 100 कोटींच्या वर न गेलेली आणि काही नावीन्य किंवा वाढीची क्षमता असलेली संस्था, अशी व्याख्या होती. त्यातही ती खासगी मर्यादित कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असावी लागायची. एकल मालकी त्यात बसत नाही. जुना धंदा मोडून किंवा त्याचीच फेररचना करून काढलेली संस्थाही बसत नाही.

आता आपल्याकडचे धंदे डोळ्यासमोर आणा. केळीचे वेफर्स, मिरची पावडर, ठिबकचे सुटे भाग, शेतीची अवजारं. यातले बरेचसे एकल मालकीचे किंवा घरातल्या भावाभावांचे. म्हणजे सरकारी मान्यतेची यादी धरली की हा अख्खा थर चौकटीबाहेर जातो. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंद, धरली तर उलटं होतं : 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटी झाली आहे. त्यात पिठाच्या गिरणीपासून सगळं येतं आणि ‘नवं’ काय ते वेगळं काढता येत नाही.

तिसरा मार्ग ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटरचा. 1999 पासून तो देशोदेशी किमान दोन हजार प्रौढांना विचारून मोजणी करतो. तिथे कंपनीचं रूप पाहत नाहीत, वय पाहतात : धंद्याची तयारी चालू आहे पण तीन महिन्यांहून जास्त वेतन-मोबदला दिलेला नाही, तो ‘होऊ घातलेला’. तीन महिने ते साडेतीन वर्षं यांमधला ‘नवा’. खानदेशासाठी ही वयाची फूटपट्टी मला जास्त प्रामाणिक वाटते. तिला एकच अट जोडा : उत्पादन, प्रक्रिया किंवा विक्रीची पद्धत, यातलं एक तरी त्या तालुक्यात आधी नव्हतं असं असावं. ‘तालुक्यात नवं’ ही पातळी आराखड्यात लिहून टाकायची, म्हणजे मौखिकीत वाद होत नाही.

अंजनीकाठचा

वाचतोय. दोनच प्रतिसादांत पहिलं प्रकरण बदललं.

पांझरा

यादी कशी करायची ते सविस्तर लिहितो, कारण ही मेहनत टाळली की पुढचं सगळं वाया जातं.

कंपनी मंत्रालयाचा मूळ कंपनी-तपशील सार्वजनिक आहे. त्यात नाव, नोंदणीची तारीख, पत्ता, भांडवल आणि सध्याची स्थिती असते. पत्त्यात ‘जळगाव’ शोधू नका. त्यात बुलढाण्याचं जळगाव जामोदही येतं, आणि रोमन लिपीत धुळे, यावल, एरंडोल यांची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हेने लिहिलेली असतात. त्यापेक्षा 424 आणि 425 ने सुरू होणारे पिनकोड घ्या आणि मग जिल्हा तपासा.

कंपनीचा ओळख क्रमांक 21 अक्षरांचा. पहिलं अक्षर शेअर बाजारात नोंद आहे की नाही ते सांगतं. पुढचे पाच अंक उद्योगाचा संकेतांक, दोन अक्षरं राज्य, चार अंक नोंदणीचं वर्ष, तीन अक्षरं प्रकार आणि शेवटचे सहा अंक नोंदणी क्रमांक. वर्ष आणि उद्योग इथूनच वेगळे काढता येतात. पण संकेतांकावर डोळे झाकून विश्वास नको. तो नोंदणीच्या वेळी भरलेला असतो. पुढे धंदा बदलला तरी तो बहुधा तसाच राहतो. शेतकरी उत्पादक कंपन्या नावातल्या ‘प्रोड्युसर कंपनी’ शब्दांनी शोधा. एलएलपीची यादी वेगळी असते, ती विसरली जाते.

कुठे फसतो? पत्ता आजचा असतो. जळगावला सुरू होऊन नोंदणीकृत कार्यालय पुण्याला नेलेली कंपनी तुमच्या यादीतून गायब होते, आणि वाढलेल्या कंपन्याच जास्त करून हलतात. मग निष्कर्ष निघतो की खानदेशात कंपन्या वाढत नाहीत. त्यासाठी पत्ता बदलल्याचा अर्ज आयएनसी-22 पाहावा लागतो. एका कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं 100 रुपये भरून पाहता येतात. त्यातच एओसी-4 या अर्जात ताळेबंद आणि नफातोटा मिळतो. पन्नास कंपन्यांचे पाच हजार रुपये. 384 प्रश्नावल्यांच्या छपाई-प्रवासापेक्षा हे स्वस्तच पडेल.

एकल मालकीवाल्यांसाठी मात्र पायीच फिरावं लागतं. जळगाव एमआयडीसी, धुळ्याची अवधान एमआयडीसी, गल्लीगल्लीने, प्रत्येक फाटकाची नोंद करत.

संख्यापारखी

पांझराभाऊंच्या दोन याद्या असतील तर एक चांगली सोय आहे. मासे मोजायला वापरतात ती पद्धत इथेही चालते. समजा कागदोपत्री यादीत 60 उद्योग, पायी फिरून 50 सापडले, आणि दोन्हीकडे असलेले 20. मग एकूण अंदाज 60 गुणिले 50 भागिले 20, म्हणजे 150. दोन्ही याद्यांत मिळून आपल्या हाती 90 आलेत, साठेक अजून नजरेआड आहेत, एवढं तरी सांगता येतं.

अट अशी की दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून नकोत. कागदावर असलेलाच रस्त्यावरही ठळक पाटी लावून बसला असेल, तर दोन्हीकडे तोच सापडतो आणि एकूण अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. हे प्रबंधात लिहायचं, लपवायचं नाही.

पथारीवरून

थोडा विरोध नोंदवतो. वरचं सगळं बरोबर आहे, पण प्रश्नावलीला इतकं झोडपू नका. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्याला तीन जिल्हे पायी फिरणं शक्य नसतं, आणि मुलाखतींवर उभा असलेला प्रबंध पाहून काही ठिकाणी ‘गृहीतक कुठाय, टक्केवारी कुठाय’ असं विचारलं जातं. प्रश्नावली ठेवा, फक्त मतं विचारू नका, घडलेल्या गोष्टी विचारा.

‘मला भांडवलाची अडचण जाणवते : पूर्ण सहमत’ याने काही कळत नाही. त्याऐवजी पहिला माल कोणत्या महिन्यात विकला, पहिल्या दिवशी गुंतवलेली रक्कम किती, त्यातली स्वतःची किती, घरातली किती, बँकेची किती, बँकेकडे अर्ज कधी केला, मंजुरी कधी, रक्कम हातात कधी. या तीन तारखांमधलं अंतर हीच खरी भांडवलाची अडचण, आणि ती दिवसांत मोजता येते.

जुन्या तारखा लोकांना आठवत नाहीत, म्हणून खुंट्या द्या. नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी, जुलै 2017 चा जीएसटी, मार्च 2020 ची टाळेबंदी. ‘नोटाबंदीच्या आधी की नंतर?’ याला उत्तर लगेच येतं. कागदावर वर्षांची आडवी पट्टी काढा, या खुंट्या आधी मांडा आणि मग उत्तरदात्याला त्याच्या धंद्याच्या घटना तिच्यावर बसवायला सांगा.

उलाढाल थेट विचारली तर खरी मिळत नाही. हिशेबाचे प्रश्न मोजमापात विचारा. दिवसाला किती क्विंटल तूर भरडता आणि वर्षात किती दिवस गिरणी चालते? तुरीतून ढोबळ सत्तर ते पंचाहत्तर टक्के डाळ निघते, पुढचा गुणाकार आपला आपण करता येतो. विजेच्या बिलातले युनिट हाही चांगला आधार, फक्त छतावर सौर पॅनल आहेत का ते विचारून घ्या, नाहीतर उत्पादन घटलं असं उगाच वाटेल.

संख्यापारखी

सहमत. त्याला एक जोड देतो : कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाला, एकाच बैठकीत, एकाच श्रेणीवर विचारले तर दोन्हींतला संबंध फुगून येतो. उत्साही माणूस ‘मी धाडसी आहे’ यालाही पाच देतो आणि ‘माझा धंदा चांगला चाललाय’ यालाही पाच. हारमन यांची एकघटक चाचणी लावली की हे संकट टळलं असं समजतात, पण ती चाचणी फार कच्ची आहे. परिणाम बाहेरून आणा : एओसी-4, वीजबिल, कामगारांची हजेरी.

लेवा_ओटा

भाषेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

परदेशी मापनश्रेणी इंग्रजीतून पुस्तकी मराठीत येते आणि मग साक्रीला, शिरपूरला, रावेरला तीच वाचून दाखवली जाते. उत्तर देणारा घरात अहिराणी बोलतो, भुसावळ-यावलकडे लेवा गणबोली, धडगाव-अक्कलकुव्याला पावरी किंवा भिली. ‘उद्योजकीय स्वयंक्षमता’ ऐकून माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. सगळ्या विधानांना ‘हो’ आलं की अल्फा उत्तम येतो, कारण उत्तरं एकसारखी असतात. अल्फा सुसंगती मोजतो, समज नाही.

उपाय कष्टाचा आहे पण सोपा. भाषांतर एकाने करायचं, ते परत इंग्रजीत दुसऱ्याने आणायचं ज्याने मूळ पाहिलेलं नाही, आणि दोन इंग्रजी मजकूर शेजारी ठेवायचे. मग दहा-पंधरा जणांना प्रश्न वाचून दाखवून उत्तर न घेता विचारायचं, ‘यात तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं?’ जिथे तिघांनी तीन अर्थ सांगितले तो प्रश्न काढून टाका. नकारार्थी विधानं तर ठेवूच नका. ‘मला जोखीम आवडत नाही’ याला ‘असहमत’ म्हणताना भले भले गोंधळतात. मुलाखतीची सुरुवात ‘तुमना धंदा कसा चाली ऱ्हायना?’ अशी झाली तर पुढचा तास वेगळा जातो.

दुसरं, संकेतनात म्हणजे मुलाखतीतल्या मजकुराला नावं देताना, लोकांचे शब्द जपा. इंग्रजी प्रबंधात ‘अनौपचारिक कर्ज’ असा एकच खण करतात. पण हातउसने, उधारी, सावकारी आणि भिशी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. हातउसन्याला व्याज नसतं, नातं असतं, आणि परत करायची तारीख ठरलेली नसते. उधारी मालावर असते, आणि ती थकली तर पुरवठादारच तुटतो. सावकारीला व्याज आणि तारण. भिशीत स्वतःचीच बचत पाळीने येते. कोणत्या धंद्याने कोणत्या क्रमाने हे चार वापरले, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

तिसरं, ‘बंद’ हा शब्द. खानदेशात धंदा ‘टाकला’ म्हणजे सुरू केला आणि ‘टाकून दिला’ म्हणजे सोडला. आणि बरेच जण ‘सध्या बंद ठेवलाय’ म्हणतात. तो बंद आहे की थांबलाय? आधीच नियम ठरवा : सलग बारा महिने विक्री नाही, तर बंद.

मेहरूणकाठ

ओटाताई, हातउसन्याचा मुद्दा लाखमोलाचा. वाचनखूण साठवली.

भरीत_पार्टी

अवांतर : केळीच्या खोडापासून धागा काढणाऱ्यांवर कोणी प्रबंध लिहिला तर त्याची चर्चा या धाग्यावरच व्हावी, धाग्याचा धागा होईल. 😄

पांझरा

भरीतभाऊ, गमतीत बोललात पण उदाहरण उत्तम आहे. केळीचं खोड नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. ओल्या वजनाच्या ढोबळ एक टक्का सुका धागा मिळतो, म्हणजे एक किलो धाग्याला शंभर किलो खोड. एवढं ओलं वजन वीस किलोमीटर वाहून आणलं की भाड्यातच नफा गेला. म्हणून यंत्र बांधावर न्यावं लागतं, मग वीज किंवा डिझेल इंजिन आणि दोन-तीन माणसं लागतात. खोड कापल्यापासून लवकर काढला नाही तर धागा काळवंडतो. शिवाय कापणी हंगामात एकदम येते आणि नंतर यंत्र बसून राहतं.

‘केळी धागा उद्योगाच्या समस्या’ असं विचारलं की उत्तर ‘बाजारपेठ नाही’ असं येतं. ‘खोड ते यंत्र अंतर किती आणि यंत्र वर्षात किती दिवस चाललं’ असं विचारलं की कळतं की अडचण विक्रीच्या आधीच आहे. दोन आकडे, पण सगळा धंदा त्यात आहे.

सातपुड्याची_वाट

आराखड्यांच्या प्रस्तावनेत नेहमी दोनच नावं येतात. 1945 ला अमळनेरला वनस्पती तेलापासून सुरू झालेली विप्रो आणि जळगावचं जैन इरिगेशन. अभिमान वाटतोच, वाटायलाच हवा. पण संशोधनात ही दोन नावं पुढे ठेवली की नजर फक्त टिकलेल्यांवर राहते. जिंकलेल्यांनी जोखीम घेतली म्हणून जोखीम घ्यावी, असा निष्कर्ष निघतो. तीच जोखीम घेऊन बुडालेले यादीतच नसतात.

कळण्याची_भाकरी

सातपुडा, मुद्दा मान्य, पण जैनांचं उदाहरण नेमकं उलट बाजूने वाचता येतं. 1978 मध्ये भवरलाल जैन यांनी केळीची भुकटी बनवणारा जुना कारखाना विकत घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पापेन काढायला सुरुवात केली. पाइप आणि ठिबक त्यानंतरचं. म्हणजे मोठ्या उद्योगाच्या वाटेवर एक न चाललेला उद्योग उभा आहे. त्याची यंत्रं, त्याची इमारत, वाळवणी-दळणाची सोय दुसऱ्या कामाला लागली.

मला तर हाच खरा संशोधन-प्रश्न वाटतो. धंदा बंद पडल्यावर त्यातलं काय जिवंत राहतं? यंत्र कोणी घेतलं, कारागीर कुठे गेले, गिऱ्हाइकांची वही कोणाकडे गेली, आणि मालकाने पुढे काय टाकलं? बंद धंद्याला ‘अपयश’ असा एक खण करून सोडून दिलं की ही साखळी दिसतच नाही.

सातपुड्याची_वाट

हे मी या बाजूने पाहिलं नव्हतं. पण मग बंद पडलेल्यांचा माग काढायचा कसा? मोबाइल क्रमांक बदललेले असतात, फाटकावर दुसरी पाटी असते.

पांझरा

कंपनी असेल तर स्थितीच्या रकान्यात ‘स्ट्राइक ऑफ’ दिसतं. कंपनी कायद्याच्या कलम 248 खाली, नोंदणीपासून वर्षभरात काम सुरूच केलं नाही किंवा मागची दोन आर्थिक वर्षं काही कामकाज नाही, तर निबंधक नाव काढू शकतात. म्हणजे कागदावरचा मृत्यू खऱ्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांनी होतो. शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा दाखल झाला ते पाहा, खरं वर्ष त्याच्या जवळ असतं.

एकल मालकीवाल्यांचा माग यंत्र विकणाऱ्यांकडे लागतो. जुनी यंत्रं घेणारे-विकणारे, यंत्रदुरुस्तीवाले, रस्त्यावरचा वजनकाटा. फाटकावर नवी पाटी असेल तर आतल्या माणसाला ‘तुमच्या आधी इथे काय चालायचं?’ एवढंच विचारा. शेजारचा चहावाला सगळं सांगतो.

संख्यापारखी

विश्लेषणाची सूचना. ‘सरासरी आयुष्य’ काढू नका. जे धंदे अजून चालू आहेत त्यांचं आयुष्य ‘आजपर्यंत किमान एवढं’ इतकंच माहीत असतं. त्यांना वगळलं तर आयुष्य कमी दिसतं, आजची तारीख मृत्यूची धरली तरी कमीच दिसतं. कापलान-मायर आलेख, म्हणजे काळागणिक किती टिकले ते दाखवणारी रेघ, यासाठीच आहे, 1958 पासून वापरात आहे आणि आर या मोफत प्रणालीत दोन ओळींत निघतो.

गिरणाथडी

नावीन्य मोजायला पेटंट वापरतात, त्याबद्दल सावध करते. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3(एच) प्रमाणे शेती किंवा फळबागेच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, आणि 3(जे) प्रमाणे वनस्पती आणि बियाण्यालाही नाही. वाणांसाठी 2001 चा वेगळा कायदा आहे. लागवडीचं अंतर, ठिबकमधून खत देण्याचं वेळापत्रक, घडाला पिशवी घालण्याची रीत ही सगळी इथली सुधारणा पेटंटच्या मोजणीत शून्य दिसते. ‘खानदेशात नावीन्य कमी’ हे वाक्य लिहिण्याआधी फूटपट्टी कशाची आहे ते पाहा. भौगोलिक मानांकनंही वेगळी गोष्ट : जळगावची केळी, भरिताची वांगी, नवापूरची तूरडाळ यांना 2016 मध्ये मानांकन मिळालं, पण ते प्रदेशाचं असतं, एका धंद्याच्या नावीन्याचं माप नव्हे.

नकाणे_तलाव

इन्क्युबेशन सेंटरचा, म्हणजे नव्या उद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्राचा, परिणाम असा विषय कोणी घेतला तर? विद्यापीठांत, महाविद्यालयांत केंद्रं झाली आहेत.

संख्यापारखी

घ्यावा, पण ‘केंद्रात असलेले चांगले चालतात’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. केंद्राने मुळातच चांगले निवडलेले असतात. तुलना करायची ती थोडक्यात नाकारल्या गेलेल्यांशी. चिलीच्या सरकारी स्टार्टअप कार्यक्रमावर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच करतो : निवडीच्या गुणांची रेघ कुठे होती ते घेऊन रेघेच्या अलीकडचे-पलीकडचे अर्जदार ताडून पाहिले. निष्कर्ष असा की नुसता पैसा आणि बसायला जागा याने फरक दिसला नाही. त्याला शिकवणी आणि जबाबदारीची जोड मिळाली तिथे दिसला.

म्हणून केंद्राकडे पहिली मागणी यशस्वी संघांची यादी नको. सगळ्या अर्जदारांचे गुण आणि नाकारलेल्यांचे संपर्क मागा. अर्ज पन्नासच्या आत असतील तर ही पद्धत झेपणार नाही, तेव्हा तीन-चार वर्षांच्या तुकड्या एकत्र कराव्या लागतील.

कळण्याची_भाकरी

त्याला लागून इटलीतला 2020 चा प्रयोग. 116 नवे उद्योग चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. दोघांनाही प्रशिक्षण सारखंच, फक्त एका गटाला आपल्या कल्पनेकडे शास्त्रज्ञासारखं पाहायला शिकवलं : आधी गृहीतक लिहा, मग ते खोटं पाडायचा प्रयत्न करा. त्या गटाची कामगिरी सरस ठरली आणि त्यांनी कल्पना बदलण्याचं प्रमाणही जास्त होतं. आपल्याकडेही 1964 मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांनी सिद्धिप्रेरणेचं, म्हणजे काही साध्य करण्याच्या ओढीचं, प्रशिक्षण देऊन असाच प्रयोग केला होता. म्हणजे हे आपल्या मातीत न जमणारं काम नाही.

भरीत_पार्टी

अवांतर नाही, कामाचं : क्षेत्रकाम आखाजीच्या आठवड्यात ठेवू नका. लेकी माहेरी आलेल्या असतात, कोणी प्रश्नावली भरायला बसणार नाही. श्रावणात कानबाईचे दोन दिवसही सोडा. जिनिंगवाल्यांना दिवाळीनंतर तीन-चार महिने श्वास घ्यायला वेळ नसतो. मिरचीच्या पथारीवर हिवाळ्यात गेलात तर काम डोळ्यांनी दिसेल पण बोलायला कोणी मोकळं नसेल. पाहायला हंगामात जा, बोलायला हंगामानंतर. पावसाळ्याचा पहिला महिना पुष्कळांना बरा.

पथारीवरून

पूर्ण सहमत. पाहणी आणि मुलाखत वेगवेगळ्या महिन्यांत हे आराखड्यातच लिहा, म्हणजे वेळापत्रक मंजूर करून घेता येतं.

लेवा_ओटा

नाव गुप्त ठेवण्याबद्दल एक. आपल्याकडे ‘उद्योग क्र. 7’ लिहून काही लपत नाही. ‘चोपडा तालुका, केळी वेफर्स, 2019, महिला मालक’ एवढं लिहिलं की अख्खा तालुका ओळखतो. उत्पादन, तालुका, वर्ष यांतले दोनच तपशील एका वेळी द्या. कर्ज थकल्याची गोष्ट असेल तर तालुक्याऐवजी ‘तापीच्या उत्तरेला’ पुरे. संमतिपत्र सही घेण्याआधी त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, आणि त्यांच्याबद्दल लिहिलेली पानं छापण्याआधी त्यांना ऐकवा.

मेहरूणकाठ

सगळ्यांचे आभार. वरचं सगळं धरून आराखडा असा बदलतोय.

शीर्षक : ‘धंदा बंद पडल्यावर काय उरतं : तापी खोऱ्यातील कृषिप्रक्रिया उद्योग, 2016 ते 2025’. ‘नवं’ म्हणजे त्या तालुक्यात नवं. ‘बंद’ म्हणजे सलग बारा महिने विक्री नाही. यादी एक कागदोपत्री (कंपनी मंत्रालय आणि एलएलपी), एक पायी फिरून, दोन्हींच्या मेळातून एकूण अंदाज. सगळ्यांसाठी दोन पानी, तारखा आणि आकड्यांची प्रश्नावली, त्यावरून टिकण्याचा आलेख. मग बंद पडलेल्यांतले आठ उद्योग निवडून यंत्र, माणसं, गिऱ्हाईक, मालक या चौघांचा माग. गृहीतक एक, आणि ते खोटं ठरू शकेल असं : ज्यांनी सुरुवातीला बँकेपेक्षा हातउसन्यावर भर दिला, त्यांचा धंदा बंद झाल्यावर तीन वर्षांच्या आत दुसरा धंदा टाकण्याचं प्रमाण जास्त असतं.

राहिलं काय?

संख्यापारखी

‘तीन वर्षांच्या आत’ म्हटलंत, तर 2022 नंतर बंद झालेल्यांना तीन वर्षं मिळालेलीच नाहीत. गृहीतक तपासताना बंद होण्याचं वर्ष 2016 ते 2022 ठेवा, बाकीचे फक्त आलेखात.

लेवा_ओटा

आणि आठांत किमान तीन बायकांचे धंदे घ्या. बचत गटाचा पापड-मसाला बंद पडतो तेव्हा भट्टी, वजनकाटा, पॅकिंगचं यंत्र गटातल्याच कोणाच्या तरी घरी जातं आणि तिथे दुसरंच काही सुरू होतं. कागदावर त्याची नोंद कुठेच नसते, घरी जाऊनच विचारावं लागेल.